वर्गात पोचू न शकणाऱ्यांचा तास : महाविद्यालयीन शिक्षणात पॉडकास्ट

(महाविद्यालयीन शिक्षकांच्या एका कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे, 'महाविद्यालयीन अध्यापनासाठी पॉडकास्टची निर्मिती आणि प्रसार'. मी तंत्रज्ञ नाही. एका तालुक्याच्या गावी बी.ए.च्या वर्गांना मराठी माध्यमातून राज्यशास्त्र शिकवते. काही वर्षांपासून मी माझ्या विषयाचे छोटे छोटे पाठ आवाजात मुद्रित करते आणि विद्यार्थ्यांकडे पाठवते. असे ३२ पाठ आजवर झाले. त्या अनुभवावरून जे सांगता येईल तेवढेच मी सांगणार आहे.

सुरुवात माझ्या वर्गापासून करते, कारण पाठ कसा करायचा हे वर्गाकडे पाहूनच ठरते. एक मुलगा पहाटे भाजी बाजारात हमाली करतो आणि पहिल्या दोन तासांना कधीच नसतो. एका मुलीच्या गावाहून येणारी एसटी दुपारनंतरच आहे. एका मुलीच्या घरी मिळून एकच स्मार्टफोन आहे. सकाळी तो भावाबरोबर कामावर जातो आणि रात्री नऊनंतर तिच्या हातात येतो. चौथी मुलगी रोज वर्गात असते, पहिल्या बाकावर बसते, वही भरून लिहून घेते. पण दहावीपर्यंत ती उर्दू माध्यमात शिकली आहे. मराठी तिला बोलता येते, समजतेही. वाचताना मात्र ती अक्षर लावत लावत पुढे जाते. पहिले तिघे वर्गात शरीराने नसतात आणि ही चौथी असूनही अर्धीच असते. या चौघांपर्यंत जो पाठ पोचत नाही, तो कितीही सुंदर मुद्रित केला तरी माझ्या उपयोगाचा नाही.

आता पॉडकास्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. हा शब्द २००४ सालचा. ब्रिटनच्या 'द गार्डियन' दैनिकात बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने तो प्रथम वापरला. आयपॉडमधला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट' यांची ती जोडी आहे. आवाजाची फाइल इंटरनेटवर ठेवायची आणि तिच्याबरोबर 'आरएसएस' नावाची एक यादी ठेवायची. नवा भाग आला की यादीत त्याची नोंद होते आणि ज्याने ती यादी घेतली आहे त्याच्या यंत्रावर तो भाग आपोआप दिसतो. दारात वर्तमानपत्र पडावे तसे हे आहे. वाचक सवडीने वाचतो, तसा श्रोता सवडीने ऐकतो. रेडिओची वेळ चुकली की कार्यक्रम गेला, इथे तसे होत नाही.

आवाजातून शिकवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरदर्शनवरचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' १९८४ साली सुरू झाला. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची 'ज्ञानवाणी' ही एफएम वाहिनी २००१ पासूनची. प्रयत्न चांगले होते, पण वेळ त्यांची होती, भाषा बहुतेक वेळा इंग्रजी किंवा हिंदी होती आणि माझ्या वर्गातली शंका त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. पॉडकास्टने फरक पडला तो इथे. ज्या शिक्षकाला वर्ग माहीत आहे, तोच आता पाठ तयार करू शकतो.

पण यंत्र आले म्हणजे शिक्षण आले असे होत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००४ साली पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले. पुढच्याच वर्षी त्यांनी धोरण बदलले आणि ज्या अभ्यासक्रमांत त्याचा खरोखर वापर होणार होता तेवढ्यांपुरतेच ते देऊ लागले. श्रीमंत विद्यापीठाला जे वर्षभरात कळले, ते आपण पैसे खर्च करण्याआधी समजून घेतलेले बरे. आपल्याकडे 'स्टुडिओ बांधू, मग पाहू' असे म्हणणारी बरीच मंडळी असतात. स्टुडिओ बांधला जातो, उद्घाटन होते, फोटो निघतात आणि नंतर किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसते.

माझा स्टुडिओ म्हणजे घरातली आतली खोली. पंखा बंद, खिडकी बंद, समोर गाद्या आणि रजया रचलेल्या. कापसाच्या वस्तू आवाज शोषून घेतात, त्यामुळे घुमत नाही. फोन विमान मोडवर टाकायचा. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला धरायचा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फटकारा बसत नाही. आधी दहा सेकंद काही न बोलता मुद्रण करायचे. खोलीची ती शांतता नंतर आवाज साफ करताना उपयोगी पडते. ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या संगणकावर चालते. त्यात चुकलेली वाक्ये कापायची, आवाजाची पातळी सारखी करायची, बस्स. पार्श्वसंगीत मी घालत नाही. सिनेमाचे गाणे घातले तर हक्कांचा प्रश्न येतो आणि मुलांचे लक्ष गाण्याकडे जाते ते वेगळेच.

एक हिशेब मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. बोलण्यासाठी एकच ध्वनिमार्ग, म्हणजे मोनो, आणि सेकंदाला ६४ किलोबिट एवढा दर पुरतो. त्या दराने एका मिनिटाला सुमारे ४८० केबी लागतात, म्हणजे दहा मिनिटांचा पाठ पाच एमबीच्या आत बसतो. माझे ३२ पाठ मिळून साधारण १५४ एमबी होतात. तोच पाठ व्हिडिओत केला तर त्याच्या अनेक पट डेटा लागतो, आणि रात्री नऊनंतर भावाचा फोन हाती आलेल्या मुलीकडे दिवसाच्या डेटातले काय उरलेले असते ते तुम्ही ओळखू शकता. फाइल नेहमी एमपी३ करावी. स्मार्टफोनचा रेकॉर्डर बरेचदा दुसऱ्या प्रकारची फाइल बनवतो आणि ती जुन्या बटणांच्या फोनवर वाजेलच असे नाही. एमपी३ मेमरी कार्डावर टाकली की साध्या फोनवरही चालते. हमाली करणारा माझा विद्यार्थी असाच ऐकतो.

पाठाची लांबी आठ ते दहा मिनिटे आणि एका पाठात एकच प्रश्न. 'मूलभूत हक्क' हा प्रश्न नाही, ते प्रकरण आहे. 'पोलिसांनी पकडून नेले तर किती वेळात न्यायाधीशांपुढे उभे करावे लागते?' हा प्रश्न आहे. उत्तर राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे : प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत. या एका प्रश्नातून दंडाधिकारी म्हणजे कोण, स्थानबद्धता म्हणजे काय, अपवाद कोणते, हे सगळे सांगता येते. तासभराचे व्याख्यान जसेच्या तसे मुद्रित करून पाठवणे म्हणजे विद्यार्थ्याला शिक्षा करणे आहे. समोर फळा नाही, चेहरा नाही, हातवारे नाहीत. त्यामुळे वाक्य लहान हवे आणि महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायला हवी. सगळे विषय कानाने शिकता येत नाहीत हेही मान्य करू या. नकाशा, आलेख, समीकरण यांना फळाच लागतो.

आता भाषेविषयी. माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा इथे आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला 'बंधुता' हा शब्द पुस्तकात दिसतो तेव्हा तिला आधी लिपी ओलांडावी लागते, मग शब्द, मग अर्थ. आवाजात लिपी मधे येतच नाही. उद्देशिकेवरच्या पाठात मी न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे चार शब्द घेतले आणि प्रत्येकाबरोबर उर्दू शब्द सांगितला : इन्साफ, आझादी, मसावात, उखुव्वत. पाठ पाठवल्यानंतरच्या आठवड्यात ती पहिल्या बाकावरची मुलगी वर्षात पहिल्यांदा उठून बोलली, "टीचर, उखुव्वत तर आम्हाला आधीपासून माहीत आहे. ते राज्यघटनेत आहे हे माहीत नव्हतं." तिच्या शेजारी बसणाऱ्या मराठी मुलीने 'मसावात' शब्द वहीत लिहून घेतला.

आणि आपली मराठी तरी किती परकी आहे? अर्ज, हक्क, कायदा, वकील, जामीन, तारीख, फिर्याद, दाखला, जिल्हा, तालुका हे सगळे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीचेच झाले आहेत. नागरिकशास्त्र या शब्दांतून सुरू केले तर दोन्हीकडची मुले एकाच पायरीवर उभी राहतात. 'सार्वभौमत्व' मग दोघांनाही सारखेच अवघड जाते आणि दोघांनाही ते सारखेच समजावून सांगावे लागते. कानाने शिकवण्याचा हा मोठा फायदा आहे. पुस्तकाला एकच लिपी निवडावी लागते, बोलणाऱ्याला लागत नाही.

दुसरा फायदा खासगीपणाचा आहे. पोटगीच्या कायद्यावर मी एक पाठ केला. १९८५ चा शहाबानो निकाल, त्यानंतर १९८६ साली संसदेने केलेला मुस्लिम महिलांविषयीचा कायदा, आणि २००१ साली डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लावलेला त्याचा अर्थ. तो अर्थ असा की इद्दतीच्या मुदतीत घटस्फोटितेची तरतूद करायची, पण ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची. हा विषय वर्गात निघाला की मुली खाली बघतात आणि मुले एकमेकांकडे. इअरफोन लावून ऐकताना कोणी कोणाकडे बघत नाही. त्या पाठानंतर मला ज्या शंका आल्या, त्यांतल्या काही विद्यार्थिनींच्या नव्हत्याच. त्यांच्या घरातल्या थोरल्या बायकांनी पाठ ऐकला होता आणि मुलीच्या फोनवरून विचारले होते, "अर्ज कुठे करायचा?" बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा पाठ स्वयंपाकघरात ऐकला गेला. अभ्यासक्रम तयार करणाऱ्यांनी या श्रोत्यांचा विचार कधी केला असेल असे मला वाटत नाही.

याच पाठाने आणखी एक शिस्त लावली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचे जुने कलम १२५ आता कलम १४४ झाले. त्याच महिन्यात, १० जुलैला, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खाली पोटगी मागता येते असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. जुना पाठ तसाच फिरत राहिला तर कोणीतरी जुने कलम घेऊन वकिलाकडे जाईल. म्हणून प्रत्येक पाठाच्या पहिल्या वाक्यात मुद्रणाची तारीख आणि फाइलच्या नावात वर्ष असायलाच हवे. नवा पाठ आला की 'हा जुन्या पाठाच्या जागी आहे' असे त्यात बोलून सांगावे. पुस्तकाची जुनी आवृत्ती जशी ओळखता येते, तशी आवाजाचीही ओळखता आली पाहिजे.

आता प्रसार. मी तीन वाटांनी पाठ पाठवते. पहिली वाट वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाची. दुसरी मेमरी कार्डाची. ग्रंथालयात एका संगणकावर सगळे पाठ ठेवले आहेत, ज्याला हवे त्याने कार्डावर घ्यावेत. तिसरी वाट उघड्या इंटरनेटची. इंटरनेट आर्काइव्हसारख्या ना-नफा संग्रहावर फाइल ठेवली की कोणत्याही गावचा शिक्षक ती उतरवून घेऊ शकतो. मूळ फाइल मात्र नेहमी स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. ॲपलची 'आयट्यून्स यू' ही विद्यापीठीय व्याख्यानांची सेवा २०२१ अखेर बंद झाली. गुगलचे पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद झाले. कंपनी दुकान मिटते तेव्हा आपल्या माळ्याची चौकशी करत नाही.

प्रत्येक पाठाबरोबर त्याची लिखित प्रतही द्यावी. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्याला पॉडकास्ट म्हणजे बंद दार आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तोच पाठ म्हणजे उघडलेले दार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोघांचाही विचार करणे आपल्यावर बंधनकारक आहे, उपकार म्हणून करायची ती गोष्ट नाही. लिखित प्रत असली की पुढच्या वर्षी पाठ दुरुस्त करणेही सोपे जाते.

हक्कांचे थोडे बोलते. वर्गात शिकवताना दुसऱ्याचा मजकूर वापरायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. पण पाठ जगापुढे ठेवताना तीच सवलत गृहीत धरू नये. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी मजकूर मोकळा होतो. महात्मा फुल्यांचे लेखन मोकळे आहे. ताराबाई शिंद्यांचे १८८२ सालचे 'स्त्रीपुरुष तुलना' मोकळे आहे. डॉ. आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ २०१७ पासून मोकळे झाले. न्यायालयांचे निकालही वाचून दाखवता येतात. हे साहित्य एवढे आहे की आपण आयुष्यभर वाचले तरी संपणार नाही.

आणि आपल्या स्वतःच्या पाठाचे काय? इथे बसलेल्यांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर काम करतात हे मला माहीत आहे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा ठरू शकतो. उद्या तुमचे तास बंद झाले आणि तुमचाच आवाज पुढची पाच वर्षे वर्गात वाजत राहिला, तर? म्हणून सुरुवातीलाच दोन ओळींचा लेखी करार करून घ्या : पाठ शिक्षकाच्या नावाने राहील आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध होईल. या परवान्यांपैकी मी घेते तो सांगतो की नाव द्या, वापरा, बदला, पण तुम्ही केलेला पाठही असाच मोकळा ठेवा. मग संस्थेला पाठ कुलपात ठेवता येत नाही, आणि तुम्हालाही येत नाही.

आवाज विद्यार्थ्यांचाही असतो. चौथ्या-पाचव्या पाठानंतर मी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला आणि उत्तरे शोधायला पाठात घेतले. एका मुलीचे वडील कॉलेजात आले. शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरीला शिकवा, आमचं काही म्हणणं नाही. पण तिचा आवाज गावभर फिरायला नको." मी म्हटले, "भाई, तिला विचारून ठरवू." मुलगी म्हणाली, "माझा आवाज वर्गापुरता राहू दे, पण प्रश्न मीच विचारणार." तेव्हापासून आम्ही दोन कप्पे केले, एक वर्गापुरता, एक सगळ्यांसाठी. कोणाचा आवाज कुठे जाईल हे ती व्यक्ती ठरवते, नाव द्यायचे की नाही हेही तीच ठरवते, आणि नंतर मन बदलले तर तो भाग काढायचा. व्हॉट्सॲपवर गेलेली फाइल परत बोलावता येत नाही, हे मी मुद्रणाच्या आधी प्रत्येकीला स्पष्ट सांगते. काही पुरोगामी मित्रांना ही तडजोड वाटते. मला वाटत नाही. मुलीच्या आवाजाबद्दल वडिलांनी परस्पर निर्णय घेणे चूक असेल, तर माझ्या चळवळीसाठी मी परस्पर निर्णय घेणेही तितकेच चूक आहे. त्याच मुलीने पुढल्या वर्षी, स्वतःहून, एक पूर्ण पाठ स्वतःच्या नावाने सगळ्यांसाठीच्या कप्प्यात टाकला. ते तिचे तिने ठरवले.

शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न. "मॅडम, पाठ फोनवर मिळाला तर वर्गात येणार कोण?" माझे उत्तर साधे आहे. जो आधीच येऊ शकत नव्हता, त्याचे निदान आता काहीतरी होते. आणि जे येतात त्यांच्यासमोर मला लिहून द्यायचे काम उरत नाही. तो तास वादाला, शंकेला, एकमेकांचे ऐकायला मिळतो. ज्या तासाला फक्त टिपणे सांगितली जातात, तो तास रिकामा पडला तर दोष पॉडकास्टला देऊ नये.

तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. या महिन्यात प्रत्येकाने आपल्या विषयातला एक प्रश्न निवडावा, असा की जो विद्यार्थी वर्गात विचारत नाहीत. त्यावर दहा मिनिटे बोलून मुद्रण करावे, लिखित प्रत जोडावी आणि शेजारच्या कॉलेजातल्या सहकाऱ्याला पाठवावी. भूगोलवाल्यांनी इतिहासवाल्यांना, मराठीवाल्यांनी उर्दूवाल्यांना. एका कॉलेजचा पाठ दुसऱ्या कॉलेजात वाजू लागला की आपण केलेले काम आपल्यापुरते राहत नाही. आणि पाठवण्यापूर्वी एकदा तो आपल्याच वर्गातल्या, सगळ्यांत कमी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकवा. त्याला कळला तर तो पाठ तयार झाला असे समजा.

एवढे बोलून मी थांबते. शंका असतील तर जेवणाच्या सुट्टीत जरूर बोलू.